सातवी

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी चूळ भरली
आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण निघून गेलं.
आरशात पाहिलं. अर्धा चेहरा माझा होता.
उरलेला, कुणी खुंटीला टांगून विसरलेला.

एकतीस वर्षं मी मेडिकलला अ‍ॅनाटॉमी शिकवली.
घाबरले नाही असं म्हणणार नाही,
पण आधी भुवया उचलून पाहिल्या.
डावी उचलली गेली नाही. त्या बाजूला कपाळावर आठीसुद्धा नाही.
म्हणजे मेंदू ठीक असावा.
कोराडी चालू आहे,
आपल्या गल्लीतली तार तेवढी गेली.

तेवढ्यात इतवारीतून पिवळी मारबत निघाली
आणि ढोल डाव्या कानात असे आदळले
की कवटीत कुणी लोखंडी पत्रे उतरवतंय.
कानातल्या इवल्या रिकिबीला आवरून धरणारा
शरीरातला सगळ्यात छोटा स्नायू,
तोही सातवीच्याच पगारावर.
लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा.
मी खिडकीतून अर्ध्या तोंडाने म्हटलं,
इकडचीही न्या.

डिसेक्शन हॉलमध्ये मोतीराम सोनकुसरे
खराट्याच्या काड्या कवटीच्या भोकांतून ओवून ठेवायचा,
सातवीची लाल रंगवलेली.
त्याच्या घरी माग होता. नर्व्हला तो सूतच म्हणायचा.
मी फळ्यावर काढत असे:
आठवीचा हात धरून ही हाडात शिरते,
अंधाऱ्या बोळात गुडघ्यासारखी वळते,
कानामागच्या भोकातून एकटीच बाहेर येते.
आणि मागून त्याचा आवाज,
'मॅडम, सूत तुटलं त गाठ मारता येते.
याले येते का जी?'
मी म्हणायचे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

मुलांना गालावर पंजा ठेवायला लावायचे,
पाच बोटं, पाच शाखा.
आता पंजाही माझाच, गालही माझाच,
बोटांखाली कुणी हलेना.

ओपीडीत मृण्मयी खोब्रागडे.
हिला पहिल्या टर्मला मी नापास केलं होतं.
तिने नाकाखाली कॉफी धरली, बोटामागे डोळे फिरवायला लावले,
कानाशी ट्यूनिंग फोर्क वाजवला, खांदे उचलून घेतले.
दहावी, ती पोटापर्यंत भटकणारी, ती विसरत होती.
मी आपणहून 'आ' केला.
ती म्हणाली, 'मॅडम, आता दात दाखवा.'
मी हसले.
म्हणजे, उजवीकडे हसले.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही
(हा वाक्प्रचार नव्हे, पापणीच मिटत नव्हती).
शेवटी चिकटपट्टी लावून झोपले,
पार्सलसारखी.

जिभेच्या डाव्या टोकाला मीठ कळेना.
सावजीचा रस्सा मात्र होता तसाच झोंबला.
चव सातवीची, आग पाचवीची.
जळणं आपल्या पाचवीलाच पुजलेलं,
हे इतकी वर्षं वर्गात सांगायचं राहून गेलं.

मग वाट पाहणं.
धागा दिवसाला एक मिलिमीटर वाढतो म्हणतात.
दिवाळीत ओठाचं टोक थरथरलं.
संक्रांतीला शिट्टी वाजवून पाहिली, वाजली,
दूधवाला मागे वळला.

मार्चमध्ये मृगाची संत्री आली.
पहिली फोड चावली
आणि डावा डोळा वाहू लागला.
सूनबाईने विचारलं, 'आई, काय आठवलं?'
काही नाही गं.
लाळेच्या घरी निघालेला एक धागा
वाट चुकून अश्रूंच्या घरी जाऊन बसला.
पुस्तकात असतं हे, तळटिपेत.

मोतीराम,
येते रे गाठ मारता.
सूत तेवढं कधी कधी
शेजारच्याच मागावर चढतं.

डोळा पुसला
आणि दुसरी फोड तोंडात टाकली.